किंकाळी आणि गाणे

हॉलिवूडच्या जुन्या संगीतमय विनोदी चित्रपटांचा आणि प्रेक्षकांचा एक अलिखित करार असे. नायिका गाणार, हे प्रेक्षकाने तिकीट काढतानाच धरून चाललेले असायचे. ती दुकानात हातमोजे विकीत असो, कचेरीत टंकलेखन करीत असो, की खानावळीत बशा उचलीत असो; तिच्या गळ्यात गाणे आहे, ते अजून कोणी ऐकलेले नाही एवढेच, आणि दीड तासाच्या आत ते साऱ्या न्यूयॉर्कला ऐकू येणार आहे, याबद्दल कोणाच्याच मनात संशय नसे. फ्रँक टॅशलिन या दिग्दर्शकाने १९५६ साली ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्ससाठी काढलेल्या ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ या चित्रपटात हा करार उघडउघड मोडला आहे. इथली नायिका गात नाही. तिला गायचेही नाही. तिच्याकडून बळेच एक सूर काढून घेतला जातो तेव्हा खोलीतला विजेचा दिवा फुटतो. आणि तरीही तिला नाइटक्लबची गायिका करायचेच, असा एका माणसाचा हट्ट आहे. त्या हट्टाची ही गोष्ट.

हा चित्रपट मी आजवर चार-पाच वेळा पाहिला असेन. पहिल्या खेपेला हसलो, दुसऱ्या खेपेला त्यातली गाणी ऐकली, आणि पुढे पुढे मात्र त्यातल्या एका विनोदाने माझ्या मनात घर केले. त्या विनोदाविषयी लिहावे म्हणून हा लेख. पण तिथवर पोहोचण्याआधी चित्रपटाची ओळख करून दिली पाहिजे. कारण आपल्याकडे या चित्रपटाचे नाव निघाले तर ते जेन मॅन्सफील्डच्या बांध्यापुरते निघते, आणि तिथेच संपते.

सुरुवातच पाहण्यासारखी आहे. पडदा अरुंद, चित्र काळे-पांढरे. टॉम एवेल हा नट नेटक्या काळ्या पोशाखात पुढे येतो आणि आपण कोण, कोणती भूमिका करणार, हे एखाद्या सूत्रधारासारखे सांगू लागतो. हा चित्रपट सिनेमास्कोपच्या भव्य आकारात घेतलेला आहे, असे तो म्हणतो. पण पडदा आहे तेवढाच. तो जरा वैतागून बाजूंकडे पाहतो, आणि मग पडदा दोन्हीकडे सरकत रुंद होतो. मग तो रंगांची तारीफ करतो. रंग येत नाहीत. पुन्हा एकदा आठवण करून द्यावी लागते, तेव्हा रंग येतात. मग हा गृहस्थ आजच्या युगाच्या सुसंस्कृत, नाजूक संगीताविषयी बोलायला लागतो, तोच शेजारचा ज्यूकबॉक्स सुरू होतो आणि लिटल रिचर्डच्या आवाजाखाली त्याचे भाषण साफ बुडून जाते. ओठ हलताहेत, शब्द ऐकू येत नाहीत.

नांदीलाच सूत्रधाराचा आवाज बंद करणारा दिग्दर्शक साधा नव्हे. सिनेमास्कोप, रंग, मोठा पडदा ही सगळी त्या वर्षांत हॉलिवूडने घरोघर शिरलेल्या दूरचित्रवाणीविरुद्ध उपसलेली हत्यारे होती. टॅशलिन ती हत्यारे दाखवतो आणि त्याच दमात त्यांची टरही उडवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढे या चित्रपटात कोणाचा आवाज ऐकू येईल आणि कोणाचा येणार नाही, हे सूत्रधाराच्याही हाती नाही, हे तो पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकतो.

कथा अशी. मार्टी मर्डॉक, टोपणनाव ‘फॅट्स’, हा एके काळचा जुगाराच्या यंत्रांचा राजा. तुरुंगात जाऊन आला आहे, पैसा आहे, दरारा मात्र ओसरला आहे. त्याला जेरी जॉर्डन या तरुणीशी लग्न करायचे आहे. पण आपल्यासारख्या मातबर माणसाने कोणा नाव नसलेल्या मुलीशी लग्न करायचे म्हणजे कमीपणा. तेव्हा आधी तिचे नाव झाले पाहिजे. त्यासाठी तो टॉम मिलर नावाचा एक गाणाऱ्यांचा एजंट गाठतो. मिलर दारूत बुडालेला, धंदा बसलेला. पण आपल्याकडच्या गायिकांच्या नादी तो कधी लागत नाही अशी त्याची ख्याती, आणि मर्डॉकला तेवढीच पुरेशी वाटते. मुदत सहा आठवडे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर इथे प्रसिद्धी हाच हुंडा आहे, आणि तो नवऱ्यामुलानेच स्वतःच्या खर्चाने उभा करायचा आहे! मर्डॉकचे काम एडमंड ओब्रायनने केले आहे. १९५४ सालच्या ‘द बेअरफूट कन्टेसा’मध्ये एका प्रसिद्धी-एजंटाची भूमिका करून त्याने ऑस्कर मिळवले होते, इथे तोच नट दुसऱ्याला एजंट म्हणून राबवतो. ओरडणारा, हातवारे करणारा, आतून पोरकट असलेला हा दादा त्याने इतक्या मजेने उभा केला आहे की, चित्रपटातला उत्तम अभिनय कोणाचा असे विचारले तर मी त्याचे नाव घेईन.

मूळ कल्पना गार्सन कॅनिनच्या ‘डू रे मी’ या कथेवरून घेतलेली. हाच कॅनिन ‘बॉर्न यस्टर्डे’ या नाटकाचा लेखक. तिथेही एक धटिंगण पैसेवाला आहे, त्याने ठेवलेली तरुणी आहे, आणि तिला शहाणी करण्यासाठी नेमलेला मास्तर आहे. मागे आणखी गेलो तर शॉचा ‘पिग्मॅलियन’ आहेच. आपल्याला तो पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’मुळे घरचाच वाटतो. योगायोग असा की, ज्या १९५६ च्या मार्चमध्ये ‘माय फेअर लेडी’ ब्रॉडवेवर आली, त्याच वर्षाच्या अखेरीस हा चित्रपट आला. तिकडे फुलवालीला बोलायला शिकवण्यासाठी प्रोफेसर जिवाचे रान करतो, आणि ती शिकते. इकडे जेरीला काहीच शिकायचे नाही. तिला स्वयंपाक करायचा आहे, मुले हवी आहेत, घर हवे आहे. पहिल्याच सकाळी ती एजंटाच्या घरी येते ती त्याला न्याहारी करून घालायला. फुलराणीला मास्तर बदलतो, जेरी मास्तरालाच जेवू घालून सुधारते.

आता मिलर तिला प्रसिद्ध कसे करतो ते पाहा. गाण्याची तालीम वगैरे काही नाही. तो तिला एका नाइटक्लबमध्ये घेऊन जातो, आणि ठरलेल्या क्षणी तिने टेबलांमधून, मालकाच्या नजरेसमोरून, स्त्रियांच्या प्रसाधनगृहाकडे चालत जायचे असते. बस्स. तिकडे मंचावर लिटल रिचर्ड उभ्यानेच पियानो बडवीत जीव तोडून गात असतो, आणि इकडे मालकाचे डोळे दुसरीकडेच वळलेले असतात. मग दुसरा क्लब, मग तिसरा. मालक धावत येतात, ही कोण म्हणून विचारतात, करार पुढे करतात. हिला गाता येते का, हा प्रश्न एकालाही सुचत नाही. चित्रपटाचा खरा उपहास इथे आहे. गायिका होण्यासाठी लागणाऱ्या वस्तूंच्या यादीतून गळा हळूच वगळला गेला आहे, आणि कोणाच्या ते लक्षातही आलेले नाही.

टॅशलिन मूळचा व्यंगपटांचा माणूस. वॉर्नर बंधूंच्या कारखान्यात त्याने डुक्कर, बदके, ससे यांची चित्रे हलवली होती, आणि जिवंत माणसांचे चित्रपट काढू लागल्यावरही ती सवय सुटली नाही. जेरी रस्त्यावरून चालत येते तेव्हा बर्फवाल्याच्या हातातली लादी वितळून वाहू लागते, दूधवाल्याच्या बाटलीतले दूध उतू जाते, जिन्यावरल्या माणसाच्या चष्म्याच्या काचा तडकतात. मग ती दारात उभी राहते, दोन्ही हातांत दुधाच्या दोन बाटल्या छातीशी धरून. हा विनोद सभ्य नाही. तो सभ्य असल्याचा आवही दिग्दर्शक आणीत नाही. त्याच्या बाजूने एक मात्र म्हणता येईल: या साऱ्या प्रसंगात बावळट दिसतात ते पुरुष. बर्फ वितळतो तो त्यांचा, काचा तडकतात त्या त्यांच्या. ती बिचारी सरळ चालते आहे. व्यंगपटातला लांडगा कोंबडी पाहून डोळे वटारतो तेव्हा आपण लांडग्याला हसतो, तसेच हे. हे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅमेरा त्या पुरुषांना हसतो खरा, पण उभा राहतो त्यांच्याच रांगेत. एकदा हसून झाल्यावर तोच देखावा तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दाखवला जातो, आणि तेव्हा तो उपहास राहत नाही. ती विक्री होते. ‘टॅशलिनने अमेरिकेच्या वखवखीची चिरफाड केली’ असे त्याचे चाहते म्हणतात. फ्रान्समध्ये गोदार आणि त्र्युफो या तरुण समीक्षकांनी त्याला त्याच काळात डोक्यावर घेतले होते. त्यांच्या कौतुकात तथ्य आहे. पण चिरफाड करणाऱ्याच्या हातात सुरीबरोबर तिकिटांची पुडकीही होती, हे विसरून चालणार नाही.

गाण्यांकडे वळतो. या चित्रपटाचे ऐतिहासिक मोल पुष्कळसे त्यांतच आहे. लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, जीन व्हिन्सेंट, एडी कॉक्रन, प्लॅटर्स ही मंडळी ऐन बहरात असताना, रुंद पडद्यावर, रंगीत, जशीच्या तशी टिपली गेली ती इथे. रॉक अँड रोलचे त्या काळचे बाकीचे चित्रपट बहुधा काळे-पांढरे, घाईत उरकलेले आणि स्वस्तातले. इथे लिऑन शॅमरॉयसारखा कसलेला छायालेखक कॅमेऱ्यामागे होता. गंमत म्हणजे चित्रपटाला या संगीताविषयी आदर नाही. एडी कॉक्रन दूरचित्रवाणीवर गाताना दिसतो तो कशासाठी? मर्डॉक एजंटाला सांगतो की बघ, या पोराला गळा कुठे आहे, तरी तो मोठा झाला. मग माझी जेरी का होणार नाही? म्हणजे कॉक्रन हा इथे नादान गायकाचा नमुना म्हणून पेश केला आहे. पण कॅमेरा त्याच्यावर स्थिरावतो, अठराच्या उंबरठ्यावरचा तो पोरगा गिटार घेऊन खांदे उडवीत गाऊ लागतो, आणि संवादलेखकाचा टोमणा कुठल्या कुठे उडून जातो. इंग्लंडमधल्या पोरांनी टोमणा ऐकलाच नाही, गाणे ऐकले. ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलजवळच्या वूल्टन गावात चर्चच्या जत्रेत पॉल मॅकार्टनी जॉन लेननला पहिल्यांदा भेटला, तेव्हा त्याने गाऊन दाखवले ते हेच, कॉक्रनचे ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’. पुढे सप्टेंबर १९६८ मध्ये, जगप्रसिद्ध झाल्यावर, बीटल्सनी चालू ध्वनिमुद्रण अर्ध्यावर सोडले आणि मॅकार्टनीच्या घरी जाऊन दूरचित्रवाणीवर हा चित्रपट पाहिला. कॉक्रन त्या वेळी हयात नव्हता; १९६० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावरच मोटार-अपघातात तो एकविसाव्या वर्षी गेला.

हे वारे मुंबईलाही लागायला वेळ लागला नाही. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातले सी. रामचंद्रांचे ‘ईना मीना डीका’ आठवावे. पण आपल्याकडे हा प्रकार गमतीजमतीचा, एका गाण्यापुरता आला. अमेरिकेत त्यामागे एक वेगळीच रेषा होती, आणि ती रंगाची होती.

ती रेषा या चित्रपटात कोणी बोलून दाखवीत नाही, ती दिसते. लिटल रिचर्ड गातो, फॅट्स डॉमिनो गातो, प्लॅटर्स गातात. पण यांपैकी कोणाच्याही वाट्याला कथेत काही काम नाही. ते मंचावर असतात, आणि गाणे संपले की त्यांचे अस्तित्वही संपते. टेबलांभोवती गोरी माणसे नीटस बसलेली. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच डिसेंबर महिन्यात अलाबामातल्या माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी वर्षभर चालवलेला बसवरचा बहिष्कार यशस्वी होऊन संपला होता. त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॅट किंग कोल हा गोड गळ्याचा गायक गोऱ्या श्रोत्यांपुढे गात असताना गोऱ्या गुंडांनी मंचावर चढून त्याला खाली पाडले होते. या पार्श्वभूमीवर लिटल रिचर्डला रंगीत पडद्यावर मध्यभागी उभे करणे हे थोडे धाडस होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्याला मंचावरून खाली येऊ न देणे हीही त्या धाडसाची ठरवून घेतलेली मर्यादा होती.

ज्युली लंडनचा प्रसंग मात्र वेगळा. मिलरने हिला पुढे आणले, तिच्यावर प्रेम केले आणि तिला गमावले. तो दारू पिऊन घरी येतो, तिची तबकडी लावतो, आणि ती त्याला दिसू लागते. स्वयंपाकघरात, जिन्यावर, पलंगाशी, प्रत्येक वेळी निराळ्या पोशाखात, तेच गाणे गात. हे ‘क्राय मी अ रिव्हर’. एवढ्या गोंगाटाच्या चित्रपटात हा एकच प्रसंग कुजबुजीत बोलतो. प्रेयसी उरली आहे ती फक्त ध्वनिमुद्रिकेत. सुई ठेवली की ती हजर होते आणि हात लावू देत नाही. दिग्दर्शकाच्या अंगी काव्य नव्हते असे जे म्हणतात, त्यांनी ही तीन मिनिटे पाहावीत.

आता तो विनोद. जेरीच्या गळ्यातून सूर निघत नाही, किंकाळी निघते. या किंकाळीचे करायचे काय? मर्डॉकने तुरुंगात असताना काही गाणी रचलेली असतात. त्यांतले एक खडी फोडणाऱ्या कैद्यांचे. मिलरला युक्ती सुचते. गाणे वाद्यवृंदाने वाजवायचे, आणि मध्ये मध्ये तुरुंगाचा भोंगा वाजतो तिथे जेरीने किंचाळायचे. तबकडी निघते, आणि लोक ती उचलून धरतात. ज्यूकबॉक्सच्या धंद्यातल्या जुन्या वैऱ्याशी मर्डॉकची मारामारी जुंपते, यंत्रे फोडली जातात, गल्लोगल्ली तेच गाणे वाजते. म्हणजे शेवटी बाजाराने गळ्याची अडचण अशी सोडवली: गाता येत नसेल तर ओरड, ओरडणेही विकता येते. टॅशलिनला वाटत होते की तो रॉक अँड रोलची थट्टा करतो आहे. त्या संगीतात आरडाओरड सोडून काही नाही, असे तेव्हाचे सारे प्रौढ लोक म्हणतच होते. पण थट्टा बाजूला ठेवून पाहिले तर पडद्यावर काय दिसते? एक स्त्री आहे. तिला जे करायचे नाही ते तिच्याकडून करवून घेतले जाते आहे. ती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून किंचाळते आहे, आणि आजूबाजूचे पुरुष घड्याळ पाहून तालावर मान डोलावताहेत.

शेवटी कळते ते असे की जेरीला उत्तम गाता येत होते. ती मुद्दामच वाईट गात होती, म्हणजे हे लचांड टळेल आणि आपल्याला संसार करायला मिळेल. हे कळल्यावर मागचा सारा चित्रपट मनातल्या मनात पुन्हा पाहावा लागतो. तो फुटलेला दिवा, ती किंकाळी, हे सारे तिचे नाकारणे होते. चित्रपटभर एकटी तीच अभिनय करीत होती आणि आपणही त्या क्लबमालकांसारखे फसलो. ही कल्पना चांगली आहे, तिच्या लेखकांना वाटली असेल त्याहून चांगली. मॅन्सफील्डवर मूर्ख बाहुलीचा शिक्का पहिल्यापासून बसला होता, आणि १९६७ च्या जूनमध्ये, चौतिसाव्या वर्षी, मोटारीच्या अपघातात तिचा अंत होईपर्यंत तो पुसला गेला नाही. पण इथे तिने जेरीला दिलेला साधेपणा पाहावा. अंड्यांची न्याहारी मांडताना ती जितकी खुशीत दिसते तितकी दिवाणखान्यातल्या झगमगाटात दिसत नाही. असल्या बारीक गोष्टी मूर्ख नटीला जमत नाहीत.

पण याच जागी चित्रपटाची एक अशी गंमत आहे जी त्याला स्वतःलाच माहीत नसावी. जेरी शेवटी आपला ‘खरा’ आवाज प्रकट करते तो आवाज मॅन्सफील्डचा नाही. तो आयलीन विल्सन या गायिकेचा. १९४८ च्या ‘वन टच ऑफ व्हीनस’मध्ये एव्हा गार्डनरसाठीही तीच गायली होती. आपल्याला पार्श्वगायनाचे नवल नाही. १९४९ च्या ‘महल’ची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर लता मंगेशकरांचे नाव नव्हते, ‘कामिनी’ हे चित्रपटातल्या पात्राचे नाव होते. श्रोत्यांनी चौकशा केल्या तेव्हा खरे नाव पुढे आले. आपल्याकडे पडद्यामागच्या गळ्याला पुढे पडद्यावरच्या चेहऱ्याइतकाच, कधी त्याहून अधिक मान मिळाला. हॉलिवूडने तो गळा लपवून ठेवला. परिणामी हा चित्रपट असा झाला आहे की, किंकाळी तेवढी नायिकेची म्हणून खपते, आणि गाणे मात्र उसने.

राहता राहिला प्रश्न शीर्षकाखालच्या खऱ्या गायकाचा. शेवटच्या जलशात वैरी मर्डॉकला मारायला येतात, तेव्हा जीव वाचवायला त्याला मंचावर ढकलले जाते आणि तो आपले तुरुंगातले गाणे स्वतःच गाऊ लागतो. लोक बेहोष होतात. मारायला आलेला वैरी त्याच्यात पैसा पाहतो आणि त्याला कराराने बांधून घेतो. क्लबच्या मंचावर ज्याची कोणी कल्पनाही केली नसती असा गायक निघतो तो हा, पन्नाशीकडे झुकलेला, घशातून खडी ओतणारा दादा. त्याच्या गाण्याला कोणी शिकवणी मागितली नाही, अंगावर काय घालावे हेही कोणी सांगितले नाही. मिलर आणि जेरी यांचे लग्न होते, मुलेबाळे होतात, मर्डॉक ती सांभाळायला येतो. चित्रपटाचा हा शेवटचा तिसरा भाग मला पसरट वाटतो. टॉम एवेल चांगला विनोदी नट असला तरी त्याच्या आणि जेरीच्या प्रेमावर विश्वास बसत नाही. टेलिफोन चोरून ऐकणारा मर्डॉकचा हस्तक माउसी आहे, त्यालाच ते प्रेम आपल्याआधी पटते, आणि हेन्री जोन्सने केलेली ती छोटी भूमिका त्या दोघांहून अधिक लक्षात राहते.

पण मी थांबणार आहे तो दुसऱ्याच एका जागी. जेरीला क्लबमधून फिरवले जात असताना मध्येच एक तरुण कृष्णवर्णीय गायिका मंचावर दिसते. अॅबी लिंकन हे तिचे नाव. ती भक्तिगीताच्या चालीचे गाणे म्हणते, आणि तेही अशा ठिकाणी की जिथे लोक पेले पुढे घेऊन बसले आहेत. तिच्या अंगावरचा लालभडक पोशाख तिचा नाही. १९५३ च्या ‘जेंटलमेन प्रिफर ब्लॉन्ड्स’मध्ये मेरिलिन मन्रोने वापरलेला तो पोशाख फॉक्सच्या कपड्यांच्या कोठारातून काढून तिला घातला होता. तिने काय गावे यापेक्षा तिने कोणासारखे दिसावे याचा विचार अधिक झाला होता. मॅन्सफील्डलाही फॉक्सने दुसरी मन्रो म्हणूनच पुढे आणले होते. म्हणजे एकाच चित्रपटात दोन स्त्रिया, एक गोरी, एक काळी, आणि दोघींनाही तिसरीच्या मापात बसवलेले. चित्रपट आल्यावर अॅबी लिंकनचे नाव त्या पोशाखामुळे गाजले, मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याच पोशाखात तिचे छायाचित्र आले. पुढे तिनेच सांगितले की तो पोशाख तिने भट्टीत टाकून जाळला.

१९६० साली तिने मॅक्स रोच या ड्रमवादकाबरोबर ‘वी इन्सिस्ट!’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. गुलामगिरीपासून तेव्हाच्या आफ्रिकेपर्यंतचा विषय. त्यातल्या एका भागाची तीन अंगे आहेत: प्रार्थना, निषेध, शांती. शब्द नाहीत. फक्त तिचा आवाज आणि रोचचे ड्रम. प्रार्थना हलक्या आलापीत होते. आणि निषेध सुरू होतो तेव्हा अॅबी लिंकन किंचाळते. एकदा नव्हे, मिनिटाहून अधिक वेळ ती किंचाळत राहते, ड्रम तिच्या मागे लागतात, ती थांबत नाही. ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी एकटे असताना ऐकू नये. पुष्कळांना ते तेव्हा संगीत वाटले नाही. ज्या बाईला चार वर्षांपूर्वी त्या चित्रपटात नीट, गोड, हसऱ्या मुद्रेने गायला लावले होते, ती बाई हे करते!

त्यानंतर मी टॅशलिनचा चित्रपट पुन्हा लावला, आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या त्या प्रसंगाशी आलो. जेन मॅन्सफील्ड ध्वनिक्षेपकासमोर उभी राहते, वाद्यवृंद तिच्या जागेपाशी येतो, ती तोंड उघडते. इतक्या वेळा हसून झालेला तो विनोद. या खेपेस मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती किंचाळून झाल्यावर लगेच मिलरकडे पाहते, बरोबर झाले का, असे विचारल्यासारखे.